आबांची येझदी पुन्हा उभी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात मी आजोबांची १९७९ची येझदी २५० ही मोटरसायकल खोलायला घेतली. ती पुन्हा रस्त्यावर आली तेव्हा मी बारावीत होते. या काळात सोसायटीतले काका-काकू, कॉलेजची मुलं, त्यांचे आईबाबा आणि सिग्नलला शेजारी थांबलेले अनोळखी लोक, सगळ्यांनी साधारण तेच तेच प्रश्न विचारले. त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिते आहे.

हीच गाडी का? नवी का नाही घेतली?

या गाडीवर आबा पुण्याच्या कसबा पेठेतून खडकीच्या कारखान्यात रोज कामाला जायचे. बाबांना शाळेत सोडताना ते त्यांना टाकीवर बसवायचे. २००६ मध्ये ती बंद पडली, वाड्यातून धायरीला टेम्पोतून आली आणि जिन्याखाली ताडपत्रीत १७ वर्षं उभी राहिली. दोनदा भंगारवाला दारापर्यंत येऊन गेला होता. तिसऱ्यांदा तो येऊ नये म्हणून मी पाना हातात घेतला.

येझदी म्हणजे जावाच ना?

वंश तोच. रुस्तम आणि फारूख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने म्हैसूरला १९६१ पासून चेक जावा बनवायला सुरुवात केली. पुढे १९७०च्या दशकात त्याच गाड्या येझदी नावाने येऊ लागल्या. १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. २४८.५ सीसीचं एकच सिलिंडर, पण धूर बाहेर पडायला दोन सायलेन्सर. पाहणाऱ्याला वाटतं, इंजिन दोन सिलिंडरचं आहे.

डाव्या बाजूची एकच दांडी किकही असते आणि गियरही. किक मारून झाली की तीच दांडी खाली वळवायची आणि तिनेच गियर टाकायचे. शिवाय गियर टाकताना क्लच आतून आपोआप सुटतो. आबा क्लच न दाबता गियर बदलायचे तेव्हा मला ती जादू वाटायची. इंजिन खोलल्यावर ती दांडी, तो कॅम आणि क्लचला ढकलणारा दांडा हे सगळं एका ओळीत दिसलं. त्या दिवशी मी जेवायला उशिरा आले आणि आई रागावली नाही.

कायद्याने किती वर्षांची मुलं गाडी चालवू शकतात?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण इंजिन चालू झालं की हात शिवशिवतात. १६ व्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या गाडीचा. येझदीसाठी १८ पूर्ण व्हावी लागतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ खाली पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: २५ हजारांचा दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. त्या मुलाला मग २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही.

मी गाडी खोलली, जोडली, किक मारून सुरू केली. रस्त्यावर मात्र बाबा नेत. मी मागे बसून इंजिनचा आवाज ऐकायचे आणि वहीत लिहायचे. अठरावा वाढदिवस झाल्यावर लर्निंग लायसन्स काढलं. वाट पाहणं जड गेलं, पण मागे बसून जेवढं ऐकलं तेवढं हँडल हातात असतं तर ऐकू आलं नसतं.

मला गाडी कापून कॅफे रेसर करायची आहे. करू का?

मलाही तेच करायचं होतं. मागचा मडगार्ड उडवायचा, चासीची शेपटी कापून वळवायची, सीट एकाची करायची, हँडल खाली आणायचं. वहीत चित्रंसुद्धा काढली होती. ती आबांना दाखवली. त्यांनी नाही म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "बाळा, कापल्यावर परत जोडता येईल का?"

त्या एका प्रश्नावर मी पंधरा दिवस अडून राहिले. मग ठरवलं की जो बदल परत फिरवता येईल तोच करायचा. चासीला ग्राइंडर लागणार नाही. काढलेला प्रत्येक मूळ भाग, मोडका असला तरी, कापडात गुंडाळून, चिठ्ठी लावून आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत जाईल. आज त्या ट्रंकेत वीज बनवणारा मूळ डायनॅमो, त्याचं चार्जिंग सांभाळणारा कटआउट, सीटचा सांगाडा आणि हँडलच्या मुठी आहेत. उद्या कोणाला गाडी जशीच्या तशी १९७९ची करायची असेल, तर एका रविवारचं काम आहे.

कायदाही याच बाजूने आहे. कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही ज्यामुळे ती नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रंग बदलता येतो, पण तो आरटीओला कळवून आरसी बुकात चढवून घ्यायचा. सायलेन्सरची आतली जाळी काढून आवाज वाढवणं मात्र करूच नका. येझदीचं इंजिन टू-स्ट्रोक आहे, म्हणजे पिस्टनच्या प्रत्येक वर-खाली फेरीत एकदा पेट घेणारं. अशा इंजिनात सायलेन्सर नुसता आवाज दाबत नाही. तिथून परत येणारा दाब पेट्रोल आणि हवेचं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये धरून ठेवतो. जाळी काढली की आवाज वाढतो आणि गाडीची ओढ जाते.

मग बदललं काय?

तीन गोष्टी. मूळ काळ्याऐवजी बाटलीचा गडद हिरवा रंग दिला. टाकीवरच्या सोनेरी रेघा दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका काकांनी खारीच्या केसांच्या ब्रशने हातानेच ओढल्या. रेघ ओढताना ते श्वास रोखून धरत, आणि आम्हीही. दुसरं म्हणजे सीट तपकिरी, मधे शिवणीच्या पट्ट्या असलेली, मूळ सांगाड्याच्या मापाने बनवलेल्या नव्या सांगाड्यावर बसवली. तिसरा बदल सहा व्होल्टचा बारा व्होल्ट करण्याचा, कारण जुन्या दिव्यात सिंहगड रस्त्यावरचा खड्डा दिसायचा तो चाक आत गेल्यावर.

पण बारा व्होल्टचा संच मी सगळ्यात शेवटी बसवला. आधी पाचशे किलोमीटर मूळ डायनॅमो आणि पॉइंटवरच (ठिणगी पाडणारा जुना स्विच) गाडी चालली. उजव्या बाजूचं झाकण काढायचं, फिलर गेज घालून पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर लावायची, काळवंडलेला पॉइंट घासायचा. हे हाताला यायला हवं होतं. आधीच बारा व्होल्टच्या संचाचा बंद डबा बसवला असता तर ठिणगी कुठून येते ते मला कधीच समजलं नसतं.

इंजिनचं कोणतं काम घरी होतं आणि कोणतं बाहेर द्यावं?

खोलणं, धुणं, मोजणं आणि जोडणं घरी होतं. यंत्रावरचं काम बाहेर द्यायचं.

गाडी १७ वर्षं उभी असल्याने पिस्टन सिलिंडरला चिकटला होता. डिझेल ओतून चार दिवस ठेवलं, मग लाकडी ठोकळ्याने हळूहळू ठोकून तो सोडवला. लोखंडी हातोडा लावला असता तर कनेक्टिंग रॉड वाकला असता. सिलिंडरला आतून गंजाचे खड्डे होते, म्हणून लेथवाल्याकडे बोअर, म्हणजे आतून थोडा रुंद, करून घेतला आणि ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टन टाकला. यात एक गोष्ट लक्षात ठेवा: पिस्टन आधी आणायचा, मग बोअर करायचा. पिस्टन हातात घेऊन, मोजून, त्याच्या मापाने बोअर व्हायला हवा.

क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वरखाली हालचालीने गोल फिरणारा दांडा, तोही बाहेरच दिला. तो दाबून जोडलेला असतो. प्रेसवर काढून, रॉड किट टाकून, परत जोडून सरळ करावा लागतो. आमच्या शेजारच्या इमारतीत पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले काका राहतात. त्यांनी डायल गेज लावून क्रँकचा डगमगाट मला दाखवला. काटा हलला की माझा जीव वरखाली व्हायचा. पुणे-पिंपरीत अशी हातात मायक्रोमीटर असलेली निवृत्त माणसं प्रत्येक दोन-तीन सोसायट्यांमागे सापडतील. त्यांना आदराने विचारा. माझ्या अनुभवात एकानेही नाही म्हटलं नाही.

ऑइल सीलवर पैसे वाचवू नका. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या बंद पोकळीत, दाबलं जातं, म्हणून तिथली सील म्हणजे इंजिनचं फुप्फुस. क्लचकडचं सील गेलं तर गियर ऑइल आत ओढलं जातं आणि गाडी पांढरा धूर ओकते. डायनॅमोकडचं गेलं तर नुसती हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन तापून सीझ होतो, म्हणजे अडकून बसतो. दोन्ही सील मिळून तेव्हा मला एका पिझ्झाएवढा खर्च आला.

पार्ट कुठे मिळतात?

नाना पेठ. केबल, रबरं, बेअरिंग, क्लच प्लेट, रिम, स्पोक, सगळं तिथल्या दोन-तीन गल्ल्यांत. जुना भाग पिशवीत घालून न्या. नुसतं नाव सांगितलं तर वेगळ्या मॉडेलचा मिळतो. हत्यारं रविवार पेठेतल्या बोहरी आळीत घेतली. तिथे एक इम्पॅक्ट ड्रायव्हर घेतलाच पाहिजे. केसिंगचे गंजलेले स्क्रू साध्या पेचकसाने गोल होतात, याचं डोकं ठोकलं की सुटतात.

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथून मला मूळ स्पीडोमीटर मिळाला, काच फुटलेला पण आतलं यंत्र जिवंत. तिथेच "ओरिजिनल आहे" या शब्दावर दोन सायलेन्सर घेतले ते आतून पोकळ निघाले. तेव्हापासून काठी आत घालून पाहिल्याशिवाय सायलेन्सर घेत नाही.

एकूण खर्च किती आला?

वहीत लिहिलेलं जसंच्या तसं सांगते. इंजिन, म्हणजे क्रँक, बोअर-पिस्टन, बेअरिंग आणि सील, १७,५००. क्रोम आणि निकल ११,२००. रंग आणि पावडर कोटिंग १०,८००. टायर, ट्यूब, रिम, स्पोक ९,४००. वायरिंग, बॅटरी आणि बारा व्होल्टचा संच ५,६००. सीट २,३००. केबल, रबरं, नटबोल्ट ४,१००. बेरीज ६०,९००. चुकीच्या वस्तूंवर गेलेले ६,००० वेगळे, आणि आरटीओचा खर्चही वेगळा. निम्मे पैसे बाबांनी आणि आबांनी दिले. बाकीचे मी सातवी-आठवीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेऊन जमवले, म्हणूनच काम दीड वर्षाहून जास्त चाललं. घाई नव्हती हे बरंच झालं. पैसे संपले की थांबावं लागायचं, आणि थांबलं की चूक दिसायची.

क्रोम आणि पावडर कोटिंग देताना काय पाहावं?

भोसरीच्या एमआयडीसीत दोन्ही कामं होतात. देण्याआधी प्रत्येक तुकड्याचा फोटो काढा, मोजा, यादीवर सही घ्या. मी यादी केली नव्हती. एका ठिकाणाहून हँडलचा एक क्लॅम्प परतच आला नाही आणि तो मिळवायला मला तीन महिने लागले.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चासी नंबर. पावडरचा थर जाड असतो. चासीवर कोरलेला नंबर त्याखाली बुजला तर आरटीओत पेन्सिल प्रिंट (कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा) निघत नाही, आणि नंबर खरवडल्यासारखा दिसला तर चोरीच्या गाडीचा संशय येतो. त्या जागेवर उष्णता सहन करणारी टेप लावून द्या, परत आल्यावर तिथे हाताने पातळ रंग द्या. इंजिन नंबरवर बफिंगचं चाक फिरू देऊ नका.

आरसीची मुदत कधीच संपली आहे. गाडी रस्त्यावर येऊ शकते का?

आमची आली. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते, मग दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. आमची २००९ मध्ये संपली होती. संगम पुलाजवळच्या आरटीओत फॉर्म २५, विमा, पीयूसी, पर्यावरण कर, उशिराचा दंड आणि प्रत्यक्ष तपासणी, असा क्रम होता. तपासणीला दिवे, हॉर्न, ब्रेक आणि आरसे सगळं चालू लागतं. आरसी बुक हरवलं असेल तर फॉर्म २६. मालक हयात नसतील तर आधी फॉर्म २१ नव्हे, फॉर्म ३१, म्हणजे वारसाच्या नावावर गाडी करण्याचा अर्ज. या दोन क्रमांकांत गोंधळून एका मित्राची एक अख्खी फेरी वाया गेली, म्हणून मुद्दाम लिहिलं. एम अक्षराने सुरू होणारा जुना नंबर तसाच राहतो, पाटी मात्र एचएसआरपी (नवी सुरक्षा पाटी) लावावी लागते. आबांना जुनी हाताने रंगवलेली पाटी फार प्रिय. ती ट्रंकेत आहे.

व्हिंटेज म्हणून नोंदणी का नाही केली?

२०२१च्या नियमांनुसार त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण व्हावी लागतात आणि गाडी मूळ रूपात हवी. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार, नंबरात 'व्हीए' अक्षरं. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल अशा कामांसाठी बाहेर काढायची. आमची अजून पन्नाशीची नाही. आणि झाली तरी आबांना तिच्यावर मंडईत जायचं असतं.

पेट्रोलमध्ये ऑइल किती? आणि आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलचं काय?

पहिल्या पाचशे किलोमीटरला लिटरमागे ५० मिली टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल, त्यानंतर ४० मिली. आधी बाटलीत मिसळून, हलवून मग टाकीत.

वीस टक्के इथेनॉल जुन्या गाडीला तीन प्रकारे त्रास देतं. जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरमधली रबरं फुगतात किंवा चिरतात, म्हणून इथेनॉल सहन करणारा पाइप घाला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि फ्लोटची वाटी रिकामी करा. तिसरी गोष्ट जास्त धोक्याची: इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं आणि टू-स्ट्रोक इंजिन जास्त तापतं. आम्ही कार्ब्युरेटरमधला मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल ज्या भोकातून येतं तो भाग, एक नंबर मोठा घातला. प्लग काढून पाहायचा: बिस्किटासारखा तपकिरी म्हणजे बरोबर, पांढरा म्हणजे थांबा.

उलट मिश्रण फार जाड ठेवलं तर पीयूसीत अडकता. ३१ मार्च २००० पर्यंतच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ९,००० पीपीएम आहे. आम्ही पहिल्यांदा हायड्रोकार्बनमध्ये नापास झालो. सायलेन्सर धुऊन, आयडल नीट लावून दुसऱ्यांदा गेलो आणि पास झालो.

घाटात नेता का?

नेतो, कात्रजच्या जुन्या घाटात आणि बोपदेवमार्गे सासवडला. चढताना काही अडचण येत नाही. काळजी उतारावर घ्यायची. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलबरोबरच मिळतं. लांब उतारावर अॅक्सिलरेटर बंद ठेवून इंजिनच्या ब्रेकवर उतरलात तर इंजिन जोरात फिरत राहतं आणि ऑइल मिळत नाही. म्हणून मधूनमधून क्लच दाबून अॅक्सिलरेटर थोडा पिळायचा. हे मला आबांनी शिकवलं. नंतर पिस्टन हातात घेतल्यावर त्याचं कारण दिसलं. दोन्ही ब्रेक ड्रमचे आहेत, तेव्हा पुढच्या गाडीपासून अंतर दुप्पट ठेवा.

आईवडिलांनी कशाची काळजी करावी?

अभ्यासाची करा, पण त्याआधी या चार गोष्टींची. पेट्रोलची टाकी घरी वेल्डिंगला कधीही लावू देऊ नका. रिकाम्या टाकीतल्या वाफेचाच स्फोट होतो. जुन्या ब्रेकशूमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ड्रममधली भुकटी फुंकरीने किंवा हवेच्या पाइपने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. हार्डनर घातलेला रंग फवारणं हे बंद खोलीतलं, साध्या मास्कवरचं काम नाही, ते पेंटरकडेच द्या. आणि इंजिन चालू असताना चेन किंवा स्प्रॉकेटजवळ फडकं नेऊ नये.

माझ्या आईने एक नियम घातला होता: रात्री नऊनंतर ठोकाठोकी नाही आणि जुनं ऑइल गटारात नाही. ते डब्यात साठवून गॅरेजला द्यायचं. गटार शेवटी मुठेलाच मिळतं. याच नियमांमुळे सोसायटीने जिन्याखालची जागा मला दीड वर्ष वापरू दिली.

मुलगी म्हणून गॅरेजमध्ये, बाजारात त्रास झाला का?

सुरुवातीला दुकानदार बाबांकडे बघून उत्तर द्यायचे. मी पिशवीतून जुना भाग काढून माप सांगायला लागले की मग माझ्याशी बोलायचे. नाना पेठेतले एक चाचा आता मला बघितलं की विचारतात, "बेटी, आज क्या खोला?" लेथवाल्या मेस्त्रींनी मला व्हर्नियर धरायला शिकवलं आणि स्वतःचं जुनं व्हर्नियर भेट दिलं. मुलींनो, वस्तू सोबत न्या, माप पाठ ठेवा आणि प्रश्न विचारायला घाबरू नका.

आमच्याकडेही जुनी गाडी पडून आहे. सुरुवात कुठून करू?

किक मारू नका. बरेच जण पहिलं तेच करतात आणि गंजलेली रिंग सिलिंडरवर ओरखडे पाडते. आधी गाडी आहे तशी धुळीसकट सगळ्या बाजूंनी फोटोत घ्या, विशेषतः वायरी आणि केबल कुठून कुठे जातात ते. प्लग काढा, त्या भोकातून दोन चमचे टूटी ऑइल सोडा, प्लगच्या जागी फडकं लावा आणि दोन दिवस थांबा. मग गियर टाकून मागचं चाक हाताने हळू फिरवून बघा. चाकाबरोबर इंजिन फिरलं तर बरंच काम वाचलं. नाही फिरलं तर जोर लावू नका, आणखी तेल सोडा, आणखी दोन दिवस थांबा. तोवर कपाटातलं आरसी बुक शोधा, त्यावरचे चासी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतात का बघा, आणि घरातल्या ज्या माणसाने ती चालवली आहे त्याच्याजवळ वही घेऊन बसा.